‘विराट’, सी हॅरिअर आणि ८०० क्रमांकाची स्क्वॉड्रन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या गोवा सहलींवर आपल्या अंकात आलेला मजकूर वाचला. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातल्या सी हॅरिअरच्या छायाचित्राखाली ‘फॉकलंडचे युद्ध गाजवून विराटसोबत भारतात आलेले विमान’ अशी ओळ आहे. पुढे मजकुरात ‘हे विमान पूर्ण शस्त्रांनिशी जागच्या जागी सरळ वर उडते’ असेही म्हटले आहे. या दोन्ही गोष्टी बेळगाव, खानापूर, निपाणीकडे २६ जानेवारीच्या भाषणांपासून व्हॉट्सॲपपर्यंत इतक्या वेळा फिरल्या आहेत की त्यात आपल्या वार्ताहराचा एकट्याचा दोष नाही. पण दोन्ही चूक आहेत, आणि मुलांनी संग्रहालय पाहण्याआधी त्या दुरुस्त व्हाव्यात म्हणून हे पत्र.

जहाज, विमान आणि स्क्वॉड्रन (म्हणजे क्रमांक दिलेली विमानांची तुकडी) ही तीन निरनिराळी खाती आहेत. जहाज विकले जाते, विमाने भंगारात जातात. स्क्वॉड्रन मात्र मोडली तरी त्याच क्रमांकाने पुन्हा उभी करता येते. १९८२ साली, ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या फॉकलंडच्या युद्धात, ‘विराट’ या विमानवाहू जहाजाचे नाव ‘हर्मिस’ होते. त्यावर ब्रिटिश नौदलाची ८०० क्रमांकाची स्क्वॉड्रन होती आणि तिच्याकडे एफआरएस-१ जातीची सी हॅरिअर होती. एप्रिल १९८६ मध्ये आपला सौदा झाला तो जहाजाचा. स्क्वॉड्रन आणि तिची विमाने ब्रिटनमध्येच राहिली. आपली एफआरएस-५१ ही विमाने आपल्यासाठी कोरी बनवून घेतलेली. त्यांतली पहिली तीन १६ डिसेंबर १९८३ ला दाबोळीला उतरली, म्हणजे १२ मे १९८७ ला ‘विराट’ आपल्या नौदलात दाखल झाली त्याच्या जवळजवळ साडेतीन वर्षे आधी. ती आली ३०० क्रमांकाच्या भारतीय स्क्वॉड्रनकडे, पांढऱ्या वाघाच्या चिन्हाखाली. त्या वेळी तिचे प्रमुख होते अरुण प्रकाश, जे पुढे नौदलप्रमुख झाले. सुरुवातीची काही वर्षे ही विमाने ‘विक्रांत’ या आपल्या आधीच्या विमानवाहू जहाजावरून उडाली. क्षेपणास्त्रेसुद्धा वेगळी होती: ब्रिटिशांकडे अमेरिकी साइडवाइंडर, आपल्याकडे फ्रेंच मात्रा मॅजिक. सरावाची काही जुनी दोन आसनी विमाने नंतर आली, पण छायाचित्रातले विमान त्यातले नाही. २००६ च्या सुमारास ब्रिटनची निवृत्त सी हॅरिअर घेण्याचा विचार झाला होता. रडार आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे काढून घेऊन रिकामी विमाने मिळणार म्हटल्यावर आपण तो नाद सोडला, आणि योग्यच केले.

तरीही ८०० क्रमांकाचा इतिहास आपल्या लोकांनी वाचावा असे आम्हाला वाटते. डेकवरून, म्हणजे जहाजाच्या सपाट माथ्यावरून, विमान वर कसे न्यायचे आणि परत कसे आणायचे, या एकाच प्रश्नाची जवळपास सगळी उत्तरे या एका स्क्वॉड्रनने वापरून पाहिली आहेत. त्यातली दोन आपल्या नौदलानेही उचलली.

३ एप्रिल १९३३ ला ४०२ आणि ४०४ क्रमांकाच्या दोन छोट्या तुकड्या एकत्र करून ८०० उभी राहिली. नऊ निमरॉड आणि तीन ऑस्प्रे, सगळी एकावर एक अशा दोन पंखांची, आणि जहाज ‘करेजस’. जहाजावरची विमाने तेव्हा कागदोपत्री हवाई दलाची होती. मे १९३९ मध्ये ती नौदलाच्या पूर्ण ताब्यात आली. या ओढाताणीमुळे ब्रिटिश नौदल विमानांच्या बाबतीत दहा वर्षे मागे पडले असे आमचे मत आहे. त्याचे फळ म्हणजे स्कुआ. एकाच विमानाने लढाऊ विमानाचे आणि सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे काम करावे, असा हट्ट धरून ते बनवले होते. ८९० अश्वशक्तीचे इंजिन, दोन माणसे, पंखात चार मशीनगन. लढाऊ विमान म्हणून ते मंदच, पण सूर मारताना वेग आवरणाऱ्या झडपा चांगल्या होत्या. पोटाखालचा ५०० पौंडी बॉम्ब तसाच सोडला असता तर तिरक्या सुरात तो विमानाच्याच नाकावरच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) आदळला असता, म्हणून तो एका झुलत्या दांड्यावर बसवलेला असे. दांडा आधी बॉम्बला पंख्याच्या घेराबाहेर नेई, मग बॉम्ब सुटे.

१० एप्रिल १९४० ला ८०० आणि ८०३ या स्क्वॉड्रनांची मिळून १६ स्कुआ विमाने ऑर्कनी बेटांवरच्या हॅटस्टनहून निघाली आणि त्यांनी नॉर्वेतल्या बर्गन बंदरात जर्मन क्रूझर ‘क्योनिग्सबर्ग’ बुडवली. एका बाजूचे अंतर तीनशे मैलांच्या आसपास, म्हणजे टाकीतले पेट्रोल जेमतेम पुरणारे. विमानांनी युद्धात बुडवलेले हे पहिले मोठे लढाऊ जहाज. ते लंगडे होऊन धक्क्याला बांधलेले होते, हल्ला पहाटे झाला आणि तोफांवरचे लोक बेसावध होते, हे विसरू नये. कारण दोनच महिन्यांनी, १३ जूनला, ‘आर्क रॉयल’वरून १५ स्कुआ नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये ‘शार्नहॉर्स्ट’ या जर्मन युद्धनौकेवर गेली तेव्हा जर्मन लढाऊ विमाने वाट पाहतच होती. आठ स्कुआ परत आली नाहीत. एक बॉम्ब जहाजावर बसला, तोही फुटला नाही. ८०० चे प्रमुख पार्ट्रिज कैद झाले. विमान तेच आणि वैमानिकही बहुतेक तेच. अचानकपणा गेला आणि सगळे उलटले.

पुढची युद्धवर्षे थोडक्यात सांगतो. फुलमार, मग ‘इन्डॉमिटेबल’वर सी हरिकेन घेऊन ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टा बेटाला रसद नेणाऱ्या ताफ्याचे रक्षण, मग ‘एम्परर’वर अमेरिकी हेलकॅट. एप्रिल १९४४ मध्ये ‘टिरपिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवरच्या हल्ल्यात ८०० होतीच. १९४५ मध्ये ही स्क्वॉड्रन हिंदी महासागरात आली आणि रंगूनच्या मोहिमेत उतरली. त्या काळात कोइमतूरला ब्रिटिश नौदलाचा विमान दुरुस्तीचा मोठा तळ होता. आपला सांबऱ्याचा विमानतळही १९४२ चाच, पण तो हवाई दलाचा. हा फरक आपल्याकडे बरेचदा पुसला जातो.

कोरियाचे युद्ध मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. १९५० मध्ये ‘ट्रायम्फ’वर ८०० कडे बारा सीफायर होती, म्हणजे डेकसाठी फेरफार केलेली स्पिटफायर. आकाशात देखणे विमान, पण डेकवर उतरताना नाजूक. विमान थांबवण्यासाठी शेपटीखालचा हूक डेकवरच्या आडव्या तारेत अडकला की शेपटीला जोराचा हिसका बसतो आणि चाके डेकवर आपटतात. हा मार पुन्हा पुन्हा बसला की मागच्या सांगाड्याच्या पत्र्याला सुरकुत्या पडतात. किती सुरकुती चालेल याची मर्यादा ठरलेली असते. ती ओलांडली की विमान उभे करायचे. शत्रूने फारशी विमाने पाडली नाहीत, तरी उडण्याजोगी सीफायर महिन्यागणिक कमी होत गेली ती यामुळे. २८ जुलैला एक सीफायर अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानाच्या तोफचीने शत्रूचे समजून पाडले; वैमानिक वाचला. २९ ऑगस्टला डेकवर उतरताना एका फायरफ्लाय विमानाचा अपघात झाला, तिच्या पंख्याचे पाते तुटले आणि त्याचा तुकडा काचेतून नियंत्रणकक्षात घुसला. आत उभे असलेले ८०० चे प्रमुख मॅक्लॅकलन त्यात गेले. डेकवर विमान उतरत असताना ज्याचे काम नाही त्याने समोर उभे राहू नये, हा नियम पोरकट वाटतो. त्याचे कारण असल्या तुकड्यांत आहे.

ऑगस्ट १९५१ मध्ये ८०० ही ब्रिटिश नौदलाची पहिली आघाडीची जेट स्क्वॉड्रन झाली. विमान अटॅकर. जेट असून चाक शेपटीखाली, त्यामुळे विमान जमिनीवर बसल्यासारखे उभे राही, गरम झोत थेट खाली लागे आणि गवती मैदानात चर पडे. ते फार टिकले नाही. १९५४ पासून सी हॉक आले, आणि इथे आपला संबंध सुरू होतो.

१९५६ च्या सुएझ मोहिमेत ८०० ची सी हॉक ‘अल्बियन’वरून उडाली. चार वर्षांनी, जुलै १९६० मध्ये, वेल्समधल्या ब्रॉडी तळावर याच जातीच्या विमानांवर आपली ३०० क्रमांकाची स्क्वॉड्रन उभी राहिली. मार्च १९६१ मध्ये ‘विक्रांत’ बेलफास्टला दाखल झाली. त्याच वर्षी मे महिन्यात आर. एच. ताहिलियानी यांनी तिच्या डेकवर सी हॉक उतरवले. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे तेच नौदलप्रमुख असताना ‘विराट’ आली.

बोगमाळोला सी हॉक पाहताना मुलांना शेपटीखाली झोताचे भोक शोधायला सांगावे. सापडणार नाही. इंजिन पोटात आहे आणि झोत दोन फाट्यांतून पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. त्यामुळे शेपटीचा भाग इंधनाच्या टाकीला मोकळा राहिला, आणि लांब नळीत जोर वाया जाणेही वाचले. मग शेपटीखालचा हूक दाखवावा. या विमानाला डेकवर थांबवायला दुसरा उपाय नाही. डेकवर आडव्या तारा असतात, त्या खालच्या यंत्राला जोडलेल्या असतात, आणि ते यंत्र प्रत्येक विमानाच्या वजनानुसार आधी लावून ठेवावे लागते. जड विमानाला हलके लावले तर तार वाजवीपेक्षा जास्त धावते. हलक्याला जड लावले तर हूक उपटतो किंवा सांगाडा ताणला जातो. हूक उसळून तारांवरून निसटलाच तर वैमानिकाने पुन्हा उडायचे, म्हणून चाके टेकतानाच इंजिन पूर्ण जोरात हवे. ‘विक्रांत’चा तिरका डेक याच कामाचा: समोर उभ्या विमानांवर न आदळता पुन्हा वर जाता येते.

उडण्यासाठी वाफेचा कॅटापल्ट, म्हणजे विमान डेकवरून पुढे फेकणारे यंत्र, आणि समोरून पुरेसा वारा. १९७१ मध्ये ‘विक्रांत’च्या चारपैकी एका बॉयलरला तडे होते, वेग कमी होता, म्हणून वारा कमी पडण्याची धास्ती होती. तरी ४ डिसेंबरपासून ३०० च्या सी हॉकनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढवले. जाता जाता एक: १९६१ मध्ये दाबोळीची धावपट्टी ‘विक्रांत’च्या सी हॉकनी फोडली असे काही जण सांगतात. ती पुण्याहून निघालेल्या हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी फोडली. बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर गेलेली हंटर लढाऊ विमाने आपल्याच सांबऱ्याहून उडाली होती. एवढे तरी बेळगावात ठाऊक असायला हवे.

सी हॉकनंतर ८०० कडे सिमिटर आले. एकूण ७६ बनली आणि त्यांतली ३९ अपघातांत गेली. मग १९६४ मध्ये ‘ईगल’साठी बुकॅनिअर. पहिल्या बुकॅनिअरची दोन्ही इंजिने अशक्त होती, प्रत्येकी सव्वातीन टनांच्या आसपास जोर. त्यातच कमी वेगात पंखाला उचल मिळावी म्हणून कॉम्प्रेसरमधली हवा काढून पंखावरून फुंकायची सोय होती. ती चालू केली की जोर आणखी घटे. पूर्ण इंधन आणि पूर्ण शस्त्रे घेऊन कॅटापल्टवरून उडणे धोक्याचे. तोडगा असा निघाला की शस्त्रे पूर्ण घ्यायची, इंधन अर्धवट, आणि वर गेल्यावर हवेतच टाकी भरायची. त्यासाठी ८००बी नावाची सिमिटर विमानांची वेगळी टँकर तुकडीच काढली. दुसऱ्या आवृत्तीत रोल्स-रॉइसची स्पे इंजिने आली, प्रत्येकी सुमारे पाच टनांची, आणि रडगाणे संपले. आमच्या मते ८०० च्या इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच: विमान वाईट नव्हते, इंजिन तोकडे होते. १९७२ मध्ये ‘ईगल’ निवृत्त झाली आणि ८०० मोडली.

१९८० मध्ये ती सी हॅरिअरवर पुन्हा उभी राहिली. आता ‘सरळ वर उडते’ या दुसऱ्या चुकीकडे येतो.

सी हॅरिअरचे पेगॅसस इंजिन सुमारे पावणेदहा टनांचा जोर देते. रिकामे विमान साडेसहा टनांच्या आत, आणि भरलेले जवळजवळ बारा टन. म्हणजे भरल्या विमानाला सरळ वर उचलायची ताकद इंजिनात नाहीच. हवाई कसरतींत ते सरळ उठताना दिसते तेव्हा टाकीत थोडे इंधन असते आणि पंखाखाली काही नसते. शिवाय उभे राहून तोल सांभाळायला नाक, शेपूट आणि दोन्ही पंखांच्या टोकांना छोटी भोके असतात; त्यांतून इंजिनाचीच दाबाची हवा फवारली जाते. तोल राखण्याचा खर्च त्याच इंजिनातून जातो.

म्हणून डेकवरून ते धावून उडते. बाजूला चार नोझल, म्हणजे झोत बाहेर टाकणारी फिरती तोंडे, आहेत: पुढच्या दोनांतून थंड हवा, मागच्या दोनांतून गरम झोत. धावताना चारही मागे वळवलेली. डेकच्या पुढच्या टोकाला वर वळलेला उतार, ‘हर्मिस’वर १२ अंशांचा. ही कल्पना ब्रिटिश नौदलातल्या डग टेलर यांची. टोक ओलांडताना वैमानिक एका दांड्याने नोझल आधी ठरवलेल्या कोनापर्यंत खाली वळवतो. त्या क्षणी विमान पूर्णपणे उडत नसते. काही भार पंखावर, काही झोतावर. उतारामुळे ते वर फेकले जाते आणि पंखाला पुरेसा वेग येईपर्यंत काही सेकंद मिळतात. इंजिन गचकले तर बाहेर उडी मारायलाही तीच सेकंदे. सुरुवातीला ‘विक्रांत’वर उतार नव्हता, तेव्हा आपली विमाने सपाट डेकवरून धावून उडत, पावणेदहा अंशांचा उतार पुढे बसवला.

उतरणे मात्र खरोखर सरळ खाली, आणि खरी पंचाईत तिथे. त्या वेळी विमानाचे वजन इंजिनाच्या जोराच्या आत हवेच. इंधन जास्त असेल तर समुद्रात ओतायचे, शस्त्रे न वापरता परत आणली असतील तर कधी तीही टाकायची. हवा गरम तितकी विरळ आणि जोर तितका कमी. दक्षिण अटलांटिकच्या हिवाळ्यात जे विमान आरामात उतरे तेच गोव्यासमोर एप्रिल-मेमध्ये काठावर येई. मदतीला इंजिनात पाण्याचा फवारा: सुमारे सव्वादोनशे किलो पाणी, दीड मिनिटात संपणारे. पाण्याने टर्बाइनचे तापमान आवरते, म्हणून इंजिन आणखी ताणता येते. पण पाणी क्षारविरहितच लागते. आपल्या बोअरच्या पाण्याने गीझरची कॉइल जशी पांढरी होते, तसे साधे पाणी टर्बाइनच्या पात्यांवर थर चढवते आणि थंडाव्याची बारीक भोके बुजवते. दुसरा धोका म्हणजे डेकवर आदळून परतलेला गरम झोत इंजिनाच्या तोंडात शिरतो. जोर एकदम पडतो आणि विमान आपटते. म्हणून डेकच्या डाव्या बाजूला समुद्रावर थांबायचे, मग आडवे सरकून डेकवर यायचे, रेंगाळायचे नाही, आणि चाके टेकताक्षणी इंजिनाचा जोर उतरवायचा. संग्रहालयातल्या सी हॅरिअरला हूक नाही तो याचसाठी.

उद्यमबागेत मशीनवर काम करणाऱ्यांना आणि हत्तरगीच्या एसईझेडमध्ये विमानांचे सुटे भाग करणाऱ्यांना एक गोष्ट विशेष वाटेल. या विमानाचे इंजिन मागून ओढून निघत नाही. आधी विमान घोड्यांवर (आधाराच्या तिवयांवर) टेकवायचे, इंधनाच्या आणि हवेच्या नळ्या, तारा, नियंत्रणाच्या जोडण्या सोडवायच्या, अख्खा पंख एका तुकड्यात वर उचलायचा, चारही नोझल काढायची, मग इंजिन सरळ वर. परत बसवताना प्रत्येक जोडणी तपासून, नोझलचे कोन जुळवून घ्यायचे. फॉकलंडच्या मोहिमेत हे काम हलत्या जहाजाच्या हँगरमध्ये झाले. जमिनीवरच्या हॅरिअरमधले मॅग्नेशियमचे भागही सी हॅरिअरमध्ये बदलले होते, कारण खाऱ्या हवेत मॅग्नेशियम सडते.

५ एप्रिल १९८२ ला ‘हर्मिस’ पोर्ट्समथहून निघाली तेव्हा ८०० कडे १२ सी हॅरिअर होती, प्रमुख अँडी ऑल्ड. १ मे रोजी नऊ विमानांनी फॉकलंडमधल्या स्टॅन्ले आणि तिघांनी गूज ग्रीनचे विमानतळ झोडपले, सगळी परतली. ४ मेला गूज ग्रीनवर खालून जाताना निक टेलर यांचे विमान तोफेने पाडले. त्यानंतर सी हॅरिअरना असल्या हल्ल्यांत तोफांच्या टप्प्याबाहेर, उंचावर ठेवले गेले. ब्रिटिश सी हॅरिअरनी त्या युद्धात सुमारे वीस विमाने पाडली आणि हवाई चकमकीत एकही गमावले नाही. हे निव्वळ विमानाचे कर्तृत्व नव्हे. समोरूनही नेम धरणारे नवे साइडवाइंडर आणि बेटांवर पोहोचेपर्यंत अर्जेंटिनी विमानांचे संपत आलेले इंधन, या दोन गोष्टी वजा केल्या तर चित्र बदलते. उलट लांबून इशारा देणारे रडार विमान ब्रिटिशांकडे उरले नव्हते, आणि त्याची किंमत जहाजांनी मोजली. गमावलेल्या सहा सी हॅरिअरपैकी चार अपघातांत गेली.

२००४ मध्ये ८०० ची सी हॅरिअर निवृत्त झाली. गरम समुद्रात जोर कमी पडतो, हे कारण ब्रिटिश सरकारनेच दिले होते. आपली ३०० त्याच गरम समुद्रात २०१६ पर्यंत ती चालवत राहिली. सुमारे तीसपैकी निम्म्याहून अधिक विमाने अपघातांत गेली, हेही मुलांपासून लपवू नये. ८०० ने पुढे हॅरिअरची जमिनीवरची आवृत्ती चालवली आणि जानेवारी २०११ मध्ये ती मोडली. ‘विराट’ ६ मार्च २०१७ ला निवृत्त झाली आणि २०२० मध्ये अलंगला भंगारात गेली. ३०० मात्र मिग-२९के घेऊन दाबोळीलाच आहे.

छायाचित्राखालची दुरुस्त ओळ आमच्या मते अशी हवी: ‘सी हॅरिअर एफआरएस-५१, भारतीय नौदलाची ३०० क्रमांकाची स्क्वॉड्रन, भारतासाठी नवे बनवलेले, विक्रांत आणि विराटवरून धावून उडणारे, सरळ खाली उतरणारे.’ पुढच्या अंकात ती छापावी, ही विनंती. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना सी हॉक आधी आणि सी हॅरिअर नंतर दाखवावे, आणि हॅरिअरच्या पंखांच्या टोकांची ती छोटी भोके बोटाने दाखवायला विसरू नये. फलकावर ती कोणी लिहीत नाही.

आपले,
नौदलाच्या विमान विभागातले काही निवृत्त तंत्रज्ञ
बेळगाव